जमनाबाईंच्या आईचं गोंदण

हे आजपर्यंत माझ्या तोंडून कुणासमोर निघालेलं नाही — बायकोसमोरही नाही. तुम्हाला का सांगतोय? जमनाबाईंबद्दल चांगलं बोलायला बसलो की ही गोष्ट घशाशी येते, म्हणून.

आखाडा बाळापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. कॉम्प्युटरवर फोटोंशी खेळायची मला भारी हौस — कुणाच्या मागे धबधबा लाव, कुणाला कोट चढव, सावळ्याला गोरा कर. लोक खूश, मी त्याहून खूश. चेहऱ्यावर डाग दिसला की माझा हात आपोआप चालायचा.

जमनाबाई जवळच्या तांड्यावरच्या. त्यांची आई वारली होती आणि भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आजीचा जन्मात एकच धड फोटो निघालेला — नातवाच्या मोबाइलवर. पुढे मोबाइल बिघडला, त्यातलं मेमरी कार्ड तेवढं राहिलं. ते त्यांनी पदराची गाठ सोडून माझ्या हातात दिलं.

आणि मी काय केलं? आधी कॉपी करून घ्यायची, एवढी साधी गोष्ट — ती केली नाही. फोटो कार्डावरच उघडला. कपाळावरचं, गालांवरचं, हनवटीवरचं हिरवं गोंदण डाग पुसावेत तसं पुसलं, रंग उजळला आणि सेव्ह केलं. त्याच फोटोवर — मूळ फोटो कायमचा गेला.

जमनाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "ही माही माय न्हाई वाटत, भाऊ. गोंदण कुठं गेलं?"

मी म्हणालो — मूळ फोटोतच आलं नव्हतं, मावशी, कॅमेरा हलका होता. किती सहज म्हणालो मी ते.

त्या भांडल्या नाहीत. स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या, डोळे मिटले आणि एकेक ठिपका सांगू लागल्या. मी काढत गेलो. रंगही त्यांनीच परत सावळा करून घेतला. माणसाचा चेहरा आधी नीट बघायचा, मग हात लावायचा, हे मी त्या दुपारी शिकलो. आज पार डोंगरकड्याकडच्या तांड्यांवरूनही लोक माझ्याकडे येतात. बाळापूरचा भाऊ माणूस हाय तसा ठेवतो, असं जमनाबाईच सगळ्यांना सांगत फिरल्या. माझं घर त्यांच्या शब्दावर चाललंय. त्यांचे उपकार मी मानतो, मनापासून मानतो.

पण हनवटीपाशी त्या अडल्या होत्या. "दोन व्हते का तीन... ध्यानात न्हाई येऊन राहिलं." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही — मला कुठून माहीत असणार? आणि मला तर पक्कं माहीत होतं. फोटो मोठा करून, एकेक ठिपका मीच पुसला होता. पण आकडा सांगितला असता, तर तो कुठं पाहिला तेही सांगावं लागलं असतं — नाही का?

"दोनच असतील," त्या शेवटी म्हणाल्या. मी दोन काढले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मी तो फिरवू दिला.

तो फोटो आजही त्यांच्या भिंतीवर आहे. त्यांची नातवंडं त्याच्या पाया पडतात.

तीन होते.