मामांची बैठक

"पोरगा चांगल्या घरचा आहे हो. फोटोच तर मागितले, अजून काही केलंय का त्याने?"

गॅलरीत फोनवर बोलणारे हे माझे मामा. त्यांचा 'पोरगा' चौतिशीचा होता, सातपूरला स्वतःचं वर्कशॉप असलेला. ऑनलाइन गेममध्ये दहावीतला मुलगा बनून तो माझ्या तेरा वर्षांच्या बहिणीशी, सईशी, बोलत होता. आधी अभ्यास, मग फोटो, मग 'घरी सांगितलंस तर सगळ्यांना पाठवीन'. सईने ते मला दाखवलं, मी आईला, आणि आईने, नेहमीप्रमाणे, मामांना.

मामांचा धंदा द्वारका चौकात प्लॉटच्या दलालीचा, पण खरी हौस बैठका बसवण्याची. भावाभावांचं भांडण असो, मोडू घातलेलं लग्न असो, पांढरा शर्ट चढवून दोन्हीकडचा चहा प्यायचा आणि मिटवून टाकायचं. "माझ्या बैठकीतून उठून आजवर कोणी पोलिसात गेलेलं नाही!" नात्यातली एक बाई नवऱ्याचा मार खाऊन यायची, तिला मामा दरवेळी समजूत घालून परत पाठवत. शेवटी तिने यायचंच सोडलं. मामांच्या लेखी ते प्रकरण मिटलं.

मी तोंड उघडायच्या आत ते म्हणत, "इंग्लिश मीडियम, तू चहा टाक." मी टाकायचे. मराठीत भांडायला मला वेळेवर शब्द सापडत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सईला मेसेज यायचे त्या नंबरवरून त्यांनी त्या माणसाला चटकन शोधलं. ओळखीतलाच निघाला. "बघ ताई, पोलिसांना महिना लागला असता," असं आईला ऐकवलंही. आणि शोधून केलं काय? रविवारी त्याला आमच्याच घरी बोलावलं.

येताना त्याने पेढे आणले. सोफ्यावर बसून तोही माझ्या मामांना मामाच म्हणत होता.

"चूक झाली म्हणतोय," मामा म्हणाले, "माणूस आहे. आणि पोलीस म्हटलं की गल्लीभर होतं. उद्या पोरीचं लग्न करायचंय आपल्याला." मग खिशातून त्यांनी राखी काढली. श्रावण केव्हाच उलटून गेला होता, कुठून मिळवली कोण जाणे. "सई, बांध. आजपासून हा तुझा भाऊ. आणि तो फोन दे इकडे, सगळं पुसून टाकू. विषय संपला."

त्या माणसाने बाही आधीच वर केली होती. आई फरशीकडे बघत होती. सईने राखी घेतली, पण हात पुढे जाईना. मामांचा हात मात्र टीपॉयवरच्या फोनकडे निघाला होता. त्यांच्याआधी मी तो उचलला. माझा आवाज चिरकला, तरी निघाला.

"राखी टाक, सई, चप्पल घाल. आई, तूपण ऊठ. आपण पोलीस स्टेशनला जातोय. आणि मामा, तिथे याचं नाव सांगताना मी तुमचंही सांगणार आहे."