बसून उघडायची पेटी

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही खेडं सोडून भोरला आलो. नदीकडच्या आळीत ह्यांनी सुतारकामाचं छोटं दुकान टाकलं. दुपारी कौलांच्या फटींतून ऊन उतरायचं, त्यात लाकडाचा भुसा तरंगत राहायचा, आणि मी तांदूळ निवडता निवडता हात थांबवून बघत बसायची. अजूनही सागाचा वास आला की मी तिथंच जाऊन बसते.

गावाकडे हत्यारं गोणपाटात गुंडाळलेली असत. ह्यांनी पुण्याच्या एका कारखान्यात हत्यारांची पेटी पाहिली होती, तशीच हवी होती. वेल्ह्याकडचं जुनं सागवान आणलं, एकही खिळा न मारता सांधे बसवले. करवतीला वेगळी जागा, पटाश्यांना वेगळा खण, खाली उंच पाय. झाकण मी तेल लावून लावून पुसलं, त्यात तोंड दिसावं म्हणून. दिसलं नाही, पण ह्यांना सांगितलं, दिसतंय.

हा सगळा खटाटोप मामंजींसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. सासूबाई गेल्यापासून ते गावी एकटेच होते. त्यांनी दुकानात काम करावं, आमच्यात राहावं, एवढीच ह्यांची इच्छा. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेला बोलावलं. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी मामंजी कामाला बसले.

बसले ते जमिनीवर, फळी पायाच्या अंगठ्यांत धरून, जन्मभर बसले तसे. पेटी मात्र उभ्या माणसाच्या कमरेला. पटाशी हवी, उठा. रंधा हवा, उठा. गुडघे धरून उठायचे, पुन्हा बसायचे, तक्रार एका शब्दाची नाही. संध्याकाळी गोणपाट काखेत मारून म्हणाले, "पेटी लई झ्याक झाली. आता म्या जातो घरला. हितं माजं काय काम न्हाई."

मला राग आवरेना. ह्यांना म्हटलं, "सुताराचं पोर तुमी, आन् बाप कसा बसतो त्येच इसरला?"

हे उठले, करवत घेतली आणि मामंजींच्या देखत पेटीचे चारही पाय कापून टाकले. मामंजी बघत राहिले. मग पेटीशेजारी टेकले, बसल्या बसल्या हात घालून पटाशी काढली, पुन्हा जागेवर ठेवली. "बरं, ऱ्हातो," म्हणाले. मला रडूच फुटलं.

पुष्कळ वर्षं राहिले. हे मात्र उभ्यानंच काम करत, हत्यार घ्यायला दर वेळी वाकत. ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "वाकून वाकून कंबर मोडली तुमची. आता तरी पाय लावा की पेटीला."

हे जमिनीवर बसले, फळी अंगठ्यांत धरली.

"कशाला? हात पुरतोय की."