आत्यांना सांगितलेली सिरीयल

हे मी नवऱ्यालासुद्धा बोललेले नाही. आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी ताट वाढायच्या आधी सांगून टाकते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच बहुतेक.

आम्ही जांबे गावचे. सासऱ्यांच्या वेळी घरात मेंढरं होती, आता भाड्याच्या खोल्या आहेत आणि नवरा हिंजवडीच्या कंपन्यांची कॅब चालवतो. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जन्मभर मेंढरांमागं चाललेली बाई कॉटवर बसली. दिवसभर नुसती किरकिर. मग मी दुपारी त्यांना कोरियन सिरीयल लावून द्यायला लागले. माझंच वेड ते, लग्नाआधीपासूनचं. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती वाचून मी मराठीत सांगायचे. आत्यांना लिहिता-वाचता येत नाही — म्हणजे मी सांगेन तीच गोष्ट. काय मिजास चढली होती मला!

त्या सिरीयलमध्ये दोन पुरुष होते. एकाची समुद्रकाठी खानावळ, दुसरा होड्या दुरुस्त करणारा सुतार. दोघांचं एकमेकांवर प्रेम बसतं, हळूहळू, शेजारी बसून जेवता जेवता. मला ते पहिल्या भागातच कळलं होतं. आत्यांना मात्र मी ‘दोस्त’ म्हणून सांगत राहिले. त्यांचा सुतारावर फार जीव. तो रुसून गेला की आधी विचारायच्या, “जेवला का न्हाई त्यो?”

किरण माझा धाकटा दीर. त्याची संध्याकाळची शिफ्ट, त्यामुळे दुपारी तोही आमच्यात बसायचा. त्याचं इंग्रजी माझ्याहून चांगलं. मी काय गाळते, काय बदलते, सगळं त्याला दिसायचं. पण त्यानं मला कधी टोकलं नाही. तेव्हा त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं. एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर तो वर आला आणि त्यानं मला सांगितलं — त्याला मुली नकोत, कधीच नको होत्या. मला धक्का बसला का? खरं सांगू, नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढं तरी केलं.

“वहिनी, आजच्या भागात तो सुतार मनातलं बोलतो,” तो म्हणाला. “मी बघून ठेवलाय. तेवढं हाय तसं सांगा आईला. तिला त्या दोघांचा लळा लागलाय. ती काय म्हणती बघू, मग माझं मी बोलतो.”

मी म्हणाले, सांगते की. अगदी सहज म्हणाले.

दुपारी आम्ही तिघं बसलो. सुतारानं खानावळवाल्याचा हात धरला. खाली अक्षरं आली — माझं तुझ्यावर प्रेम आहे, मला तुझ्याबरोबर संसार करायचाय. किरण टीव्हीकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. आणि मी —

मी म्हणाले, “तो म्हणतोय, तू मला सख्ख्या भावासारखा.”

का? भीती. तीसुद्धा त्याच्यासाठी नाही. सिरीयल मी लावली होती. उद्या घरातले सगळे म्हणाले असते, हिनंच पोराच्या डोक्यात भरवलं. माझ्या अंगावर आलं असतं, बस्स, एवढीच भीती. वर्षभर मी स्वतःला समजावत होते की मी त्याला सांभाळून घेतलं, घर सांभाळलं. कसलं काय!

किरण उठला, चपला घातल्या, गेला. महिन्याभरात त्यानं बंगळूरला बदली मागून घेतली. आईला दर रविवारी फोन करतो. माझ्याशीही बोलतो, नीट बोलतो, पण ‘कशा आहात’च्या पुढं जात नाही.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, होते माणसाकडून चूक. पण हे इथं संपत नाही. संपलं असतं तर मी तुमच्याशी बोलत बसले नसते.

तो बाहेर पडल्यावर आत्यांनी मला टीव्ही बंद करायला लावला. थोडा वेळ दाराकडे बघत राहिल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, “ही भावाभावाची नजर न्हाई गं. मी अडाणी आसंल, आंधळी न्हाई. खरं सांग, काय म्हणला त्यो? आन माझा किरण का उठून गेला?”

आवाजात राग नव्हता. शोधत होते मी राग, सापडला असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या विचारत होत्या, ऐकायला बसल्या होत्या. किरण अजून कोपऱ्यापर्यंतही पोचला नसेल. एक हाक मारली असती तरी आला असता.

मी म्हणाले, “भाऊच ते, आत्या. आणि किरणभावजींना ऑफिसचा फोन आला होता.”

त्यांनी माझा हात सोडला. पुन्हा कधी ती सिरीयल लाव म्हणाल्या नाहीत.

किरणला वाटतं, आपली आई हे कधी समजून घेणारच नाही. म्हणून तो घरी येत नाही. त्याच्या आईनं त्याच दुपारी, स्वतःहून विचारलं होतं — हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.