पक्ष्याची मोजणी

आमच्या घरात निसर्गाची आवड एकट्या मला आहे. बाकीच्यांना डबा उघडायची घाई असते. तरी पनवेलला राहायचं सुख असं की सगळे ऋतू गाडीच्या टप्प्यात असतात. थंडीत उरणच्या खाडीवर रोहित पक्षी, उन्हाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी फुललेला पळस, आणि पावसाळ्यात कर्नाळ्याचा सुळका ढगात गेला की मीही ढगातच जातो. (खाली उतरवायचं काम बायकोचं.)

त्या भाद्रपदात कर्नाळ्याच्या अलीकडे, एका गावाबाहेर, भाताच्या बांधावर मी कॅमेऱ्याचा स्टँड रोवला होता. समोरच्या झाडीत नवरंग होता. हा पक्षी पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो आणि पावसाळा सरला की दक्षिणेला निघून जातो. शेतावर धुकं उतरलेलं, बांधाला तेरड्याची गुलाबी फुलं, कुठूनतरी चुलीचा धूर. मला इतकं बरं वाटत होतं की आपल्याला नोकरी आहे हेसुद्धा मी विसरलो. माझी बायको नीता पलीकडच्या बांधावर मिटलेली छत्री काठीसारखी उभी धरून होती, कारण उघडली तर पक्षी बुजेल असं मीच बजावलं होतं. ती चौकटीत येत होती म्हणून मी हाताने खुणावत होतो, "जरा डावीकडे." लेक रेवा कंटाळून बांधावर पावलं मोजत होती.

"काय करता रं दादा?" मागे एक आजी उभ्या होत्या.

मी डोळा न काढता ओठांवर बोट ठेवलं. त्यांनीही आवाज उतरवला.

"जानार काय?"

"जाणार तर. पाऊस संपला की लगेच."

"कुठवर जानार?"

"पार खाली, समुद्र लागेपर्यंत."

"सगलं?"

"सगळे जाणार, आजी. मागे काही राहत नाही." (इथे मी एक हळवा सुस्कारा सोडला. तोच नडला.)

"मंग आमी काय करायचं?"

"तुम्ही शांतपणे बघत बसा. जाताना फार सुंदर दिसतं."

आजी गेल्या. काय रसिक बाई आहे, असं मी मनात म्हणतोय तोवर निम्मं गाव बांधावर आलं. सगळ्यांत पुढे आजींचा मुलगा, हातात कोयता. (गवत कापता कापता आला असावा, अशी मी मनाची समजूत घातली.)

"मोजनी बंद करा," तो म्हणाला. "बाई, ती काठी खाली ठेवा. म्हाताऱ्या मानसाला सांगता, जमीन जाताना शांत बघत बस?"

पनवेलच्या आसपास कुणी तीन पायांवर यंत्र मांडलं की पुढेमागे तिथून रस्ता जातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला नव्हतं. मागे आजी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. "मालकांच्या मागं एवढंच हाय माजं," त्या म्हणत होत्या. मी घाईघाईने कॅमेरा स्टँडवरून काढला.

"मी पक्ष्याचा फोटो काढत होतो," मी म्हणालो.

"दाखवा."

मी दाखवला. पडद्यावर फक्त पानं होती, तीही हललेली.

"पक्षी कुठं हाय?"

"तुम्ही आलात तेव्हा उडाला."

"नाही बाबा," रेवा म्हणाली, "तो मघाशीच उडाला होता."

लोक आणखी जवळ सरकले. तेव्हा नीता चिखल तुडवत आली. "अहो, हे कसले मोजणीवाले! यांना भाजीचा हिशेब जमत नाही." तिने कॅमेरा घेऊन वर्षभराचे फोटो एकेक करून दाखवले. खाडीत रोहित पक्ष्यांचे नुसते पाय, पळसाऐवजी विजेचा खांब, धुक्यात धुकं.

मुलाने ते शांतपणे पाहिले आणि कोयता खाली केला. "आय, ऊठ," तो म्हणाला. "हा मोजनीवाला नाय. ह्याला काय बी जमत नाय." आजी पदराआडून हसल्या आणि आम्हाला चहाला घेऊन गेल्या. मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी बशीत जास्तीचा चहा ओतून विषय संपवला.

थंडीत आम्ही पुन्हा गेलो तेव्हा कळलं, मध्यंतरी खरे मोजणीवाले येऊन गेले. आजी ठेवणीतलं लुगडं नेसून त्यांच्या यंत्रासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काडा फोटो." त्यांनी यंत्र हलवलं की आजीही हलत. संध्याकाळी मंडळी सामान आवरून परत गेली.

"परत येतील तवा परत उबी राहीन," आजी म्हणाल्या.

"पण तुम्हाला तो खरंच कॅमेरा वाटला, हे त्यांना पटलं?"

"पटलं की. मी सांगितलं, आमच्याकडं एक जन येतो, तो पन दिवसभर डोला लावून बसतो, आन् त्याच्या हाताला पन काय लागत नाय."