मोकळी लाइन

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझं वधूवर सूचक केंद्र आहे. आजच्या काळात लँडलाइन कशाला ठेवता, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. मोबाइल नंबर दिला की लोक रात्री मुलाचे फोटो पाठवतात आणि सकाळी फुलांचे. लँडलाइनवर फोन करणारा माणूस आधी घसा साफ करतो, मग बोलतो. तर तीन टेबलं, तीन फोन आणि तीन नंबर असा माझा कारभार होता. त्यातला पहिलाच नंबर सगळ्यांकडे होता, त्यामुळे तो सारखा एंगेज लागायचा आणि बाकीचे दोन फोन लग्नातल्या पाहुण्यांसारखे नुसते बसून असायचे.

गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत यावर उपाय म्हणून कल्याणहून एक फोनवाला आला. त्याने सांगितलं की तिन्ही लाइनी भिंतीवरच्या एका डब्यात आणायच्या, डब्यातून टेबलांना तारा द्यायच्या आणि टेलिफोन ऑफिसात अर्ज करून नंबरांना हंटिंग टाकून घ्यायचं. म्हणजे लोकांनी पहिलाच नंबर लावायचा; तो बिझी असला तर फोन आपोआप दुसऱ्यावर जाणार, तोही बिझी असला तर तिसऱ्यावर. मुलींच्या आईवडिलांनी भरलेल्या खोलीत तो मोठ्याने हंटिंग हंटिंग करत होता. तुमच्यात दुसरा शब्द नाही का, असं मी विचारलं. तो नाही म्हणाला.

डबा चपलांच्या कपाटाच्या वर बसला. फोन होल्डवर ठेवला की काय वाजवायचं, असं विचारून त्याने मला सनई ऐकवली. ज्यांचं अजून काहीच जमलेलं नाही त्यांना सनई ऐकवत ताटकळत ठेवणं मला बरं दिसेना. शेवटी कुठलीशी इंग्रजी टिंगटिंग राहिली, ती अजून आहे. त्याने स्वतःच्या मोबाइलवरून तिन्ही नंबर लावून दाखवले. तिन्ही वाजले, तो चहा घेऊन गेला.

पितृपक्ष लागायच्या जरा आधी माझ्याकडचं एक स्थळ जमत आलं. मुलगी दिवा गावची, तिशी ओलांडलेली, कोलशेतच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करणारी. आई नव्हती, वडील रिटायर झालेले, मूळचे कोकणातले. त्या मुलीला माझ्यामार्फत बरेच नकार गेले होते. म्हणजे गेले नव्हतेच, कारण आमच्या धंद्यात नकार कोणी कळवत नाही. काही कळवलं नाही म्हणजे नकार, असं सगळे धरून चालतात. मुलगा कल्याणचा, शाळेत शिकवणारा, घरी फक्त आई. घरच्यांसकट त्यांची भेट ठाण्यात तलावाजवळच्या एका हॉटेलात झाली. मुलीच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी येऊन पसंती सांगितली. मुलाच्या आईने पितृपक्ष संपला की कळवते, असा निरोप दिला. यात वावगं काही नव्हतं. पितरांच्या पंधरवड्यात लग्नाचं कोणी बोलत नाही. आणि दोन्हीकडून होकार आल्याशिवाय एकमेकांचे नंबर द्यायचे नाहीत, हा माझा नियम आहे. नकारानंतर एका मुलीला झालेला त्रास पाहून मी तो केला होता.

पंधरवड्यात फोन कमी झाले. दरवर्षीच होतात. घट बसले तरी कमीच राहिले, तेव्हा मी म्हटलं, नवरात्रात बायका उपासात असतात आणि पुरुष गरब्यात. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर अधूनमधून कोणीतरी बोलत होतं, आणि आमच्याकडून बाहेर फोन बिनतक्रार लागत होते; कुठल्याही टेबलावरून लावला तरी डबा चालू असेल ती लाइन देत होता. माझ्याकडे काम करणाऱ्या दोघींना मी समजावलं की पूर्वी एकाच फोनवर गर्दी व्हायची, आता ती तीन टेबलांवर वाटली गेली, म्हणून शांत वाटतंय. नवी वस्तू घेतली की माणूस तिची वकिली करायला लागतो.

मुलाच्या आईला मी आपणहून फोन केला नाही. मुलीकडून विचारणा गेली की उतावळेपणा दिसतो, असा शिरस्ता आहे. वडिलांनीही विचारू नका म्हणूनच सांगितलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. काय समजायचं ते समजलो, असं दारातूनच म्हणाले. मी बसवून घेतलं तर न विचारता कारण सांगू लागले. मुलगी त्या दिवशी हॉटेलात फार हसली. मुलाने शाळेतलं काहीतरी सांगितलं आणि ही हसतच सुटली. त्या बाईंना ते आवडलं नसणार. घरी गेल्यावर वडिलांनी मुलीला तसं सुनावलं होतं, आणि तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. मग ते अगदी शांतपणे म्हणाले, "तुम्हालाही सांगायला जड गेलं असेल, ताई. म्हणून फोन उचलत नव्हतात. मी समजू शकतो."

मला राग आला. आम्ही सकाळपासून इथेच बसलेल्या असतो, कुठला फोन उचलला नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, आमचा पहिला नंबर लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. त्यात रिंग वाजत होती. माझे तिन्ही फोन गप्प होते. आम्ही चौघं त्या मोबाइलकडे बघत बसलो आणि शेवटी रिंग आपोआप थांबली.

मी बोलावल्यावर फोनवाला तासाभरात आला. त्याने डबा उघडून पहिल्या लाइनची तार बोटाने उचलली, तर ती अलगद बाहेर आली. स्क्रूखाली ती नीट बसलीच नव्हती, आणि झाडायला कपाट सरकवलं तेव्हा हिसका बसला असणार. मी त्याला झापलं. ही लाइन बंद होती तर फोन दुसरीवर का गेले नाहीत? तेवढ्यासाठी तर हा डबा घेतला.

"बिझी असती तर गेले असते, मॅडम," तो म्हणाला. "तार सुटली ना, की एक्स्चेंजला वाटतं फोन खाली ठेवलाय, लाइन मोकळी आहे. मग तो सगळ्यांना तिकडेच पाठवतो. समोरच्याला रिंग ऐकू येते, इकडे काहीच नाही."

एंगेज लागला तर माणूस पुन्हा फोन लावतो. रिंग वाजून कोणी उचलला नाही तर मनाला लावून घेतो. पंधरवड्यात कधीतरी तार सुटली असेल. तेव्हापासून माझं केंद्र फोन न उचलता लोकांना उत्तर देत होतं, आणि लोकांना ते बरोबर कळत होतं.

तार आवळून झाली तशी मी मुलाच्या आईला फोन केला. वडील समोरच चहाचा कप धरून बसले होते. बाईंनी आधी कोण बोलतंय ते दोनदा विचारलं. मग म्हणाल्या की घट बसले त्या दिवसापासून त्या आमच्याकडे फोन करत होत्या. कोणी उचलत नाही म्हणजे मुलीने नकार दिला असणार, असं त्यांनी धरलं. नात्यातलं एक स्थळ थांबून होतं, काल दसऱ्याचा मुहूर्त साधून सुपारी फुटली.

"आम्हाला पसंत होती हो," त्या म्हणाल्या. "हसरी मुलगी. माझ्या घरात कित्येक वर्षांत कोणी तसं हसलेलं नाही."

मी सवयीने अभिनंदन म्हटलं आणि फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं. या धंद्यात रोज वाईट वाटून चालत नाही, पण त्या दिवशी वाटलं.

तिकडून होकार होता आणि आता उशीर झाला, एवढं मी वडिलांना सांगितलं. हसण्याचं मात्र मला सांगवेना. ते कपातल्या चहाकडे बघत म्हणाले की मुलीला तुम्हीच सांगा, माझ्याशी ती बोलत नाही. कामावर तिला मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून मी कंपनीचा नंबर लावला, तोही मुद्दाम पहिल्या लाइनवरून. आधी रेकॉर्ड केलेल्या बाईने स्वागत केलं, मग आमच्यासारखीच टिंगटिंग वाजली, मग ती आली. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

ती पुन्हा होल्डवर गेली की काय असं मला वाटलं, पण टिंगटिंग ऐकू येत नव्हती.

"म्हणजे त्यांनी नाही म्हटलंच नव्हतं?" तिने विचारलं.

"नव्हतं. तुझं हसणं आवडलं होतं त्यांना. मुलाच्या आईच म्हणाल्या."

"काकू, बाबा तिथेच आहेत?"

मी हो म्हटलं.

"मग हे त्यांना सांगाल? बाकी काही नको."

मी रिसीव्हर खाली ठेवला नाही. तिला ऐकू जाईल अशा बेताने मी वडिलांना सांगितलं की त्या बाईंना तुमच्या मुलीचं हसणंच आवडलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि बाहेर चपलांच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिले.  थोड्या वेळाने दुसऱ्या टेबलावरचा फोन वाजला. पहिली लाइन अजून बिझी होती.