नवलाचा अहवाल

रेजीन एकोणीस वर्षं माझ्या डोक्यावर होती. ही तक्रार नाही. आमच्या फौंड्रीत कामच तसं आहे. छताखाली नऊ मीटरवर क्रेनची केबिन, केबिनमध्ये ती, आणि खाली साच्यांच्या रांगेत मी. मधे हवेत लॅडल, म्हणजे छातीएवढ्या उंचीची लोखंडी बादली, आणि तिच्यात दोन टन वितळलेलं लोखंड. भट्टीपासून साच्यापर्यंत ती बादली रेजीन आणायची आणि मी बाजूचं चाक फिरवून रस ओतायचो. तिचा हात वीतभर चुकला असता तर माझी ओळख पटवायला माझ्या बायकोला फार तर बूट मिळाले असते.

फ्रान्सच्या पूर्वेकडच्या आमच्या गावात फौंड्री आहे, दफनभूमी आहे आणि दोन्हींच्या मधे एक बेकरी आहे. रेजीनचा बाप इथंच साचे भरायचा. ती चोविसाव्या वर्षी ऑफिसात झाडू मारायला आली. पुढे सतरा वर्षांनी एकदा क्रेनवाला आजारी पडला आणि त्याच्या जागी चढायला कुणी तयार होईना, तेव्हा हिनं झाडू भिंतीला टेकवला आणि शिडी चढली. खालून पुरुषांनी शिट्ट्या मारल्या. महिनाभर त्या चालूच होत्या. हात बसल्यावर एक दिवस मुकादमाची बाकावर ठेवलेली टोपी हुकानं अलगद उचलली आणि पाळी सुटेपर्यंत छताशी लटकवून ठेवली. त्यानंतर शिट्ट्या बंद झाल्या.

शिडीला बेचाळीस पायऱ्या. बायकांचा संडास ऑफिसच्या इमारतीत. म्हणून पहाटेच्या कॉफीनंतर ती पाणी प्यायची नाही, आणि पाव-सॉसेजचा डबाही वरच खायची. पाळी सुटेपर्यंत खाली उतरायचं नाही, हा तिचा हट्टच होता. नवरा बसाँसाँ शहरातल्या एका बाईबरोबर गेला तेव्हासुद्धा ती दुसऱ्या दिवशी वेळेवर वर होती. घरी ससे, अंगणात आलुबुखाराचं झाड, आणि रविवारी दुपारी आमच्याकडे पत्ते, एवढाच तिचा संसार.

अशाच एका रविवारी, जानेवारीत, तिनं आपल्या आलुबुखारांची दारू आणली. बाटली उघडली, पेल्याच्या शेजारी धरली आणि सरळ टेबलावर ओतली. पेल्यात नाही, टेबलावर. नादेज, माझी बायको, म्हणाली, "पिण्याआधीच चढली का गं?" रेजीनही हसली. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ही बाई दोन टन लोखंड घेऊन माझ्याकडे येणार होती.

सोमवारी शिडीपाशी मी तिला गाठलं. काही विचारायची वेळ आली नाही, माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"डावा डोळा गेलाय," ती म्हणाली. "मधोमध डाग आहे. दोन्ही उघडे ठेवले की कडा दुहेरी दिसतात, म्हणून उतरवताना तो मिटून घेते. खोली नीट कळत नाही, एवढंच."

"एवढंच?" मी म्हणालो.

"दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला, आल्दो. डॉक्टरकडे गेले की कागद इथं येतो, आणि कागद आला की मी बाहेर. ह्या वयात ह्या गावात मला कोण ठेवील? तुला बोलायचं असेल तर बोल. फक्त आधी मला सांग."

मी बोललो नाही. मैत्री होती, आणि तिच्या जागी कोण येईल याची धास्तीही होती. आमचे कारखानाप्रमुख दमाँज साहेब दर सभेत बजावायचे, की धोका माहीत असून जो लपवील तो त्याच दिवशी फाटकाबाहेर. म्हणजे त्या सोमवारी सकाळी पावणेसहापासून मीही गुन्हेगार झालो.

आम्ही आमची एक रीत बसवली. भिंतीवरच्या तक्त्यातल्या ठरीव खुणांनी भागेना, म्हणून मी बोटं दाखवू लागलो. तीन बोटं म्हणजे तीन हात अंतर, मग दोन, मग एक, मग मूठ. तिला खोली दिसत नव्हती, पण माझी बोटं उजव्या डोळ्यानं दिसायची. लॅडल बरोबर जागेवर यायची. दिवसाला चाळीस खेपा. सांडलेला रस ओल्या जमिनीवर पडला की बॉम्बसारखा फुटतो, ते मी तरुणपणी पाहिलं आहे. त्यामुळे मी साच्यांभोवतीची जमीन पुन्हा पुन्हा हातानं चाचपायचो. माझं वजन उतरलं. नादेज म्हणायची, पोटाचा फोटो काढून घे. पोटाचा फोटो काढून काय दिसणार होतं!

मे महिन्यात इलिंका आली.

आमच्याकडे दर वर्षी असे दोन-तीन विद्यार्थी येतात. कधी पोर्तोहून, कधी ग्राझहून, कधी ब्रातिस्लाव्हाहून. इंजिनिअर व्हायचं तर आधी काही आठवडे कारखान्यात हात काळे करायचे, असा त्यांच्या विद्यापीठांचा नियम. आम्हीही त्यांना सुखानं राहू देत नाही. पहिल्या दिवशी गोदामातून दाबलेल्या हवेची बादली आणायला पाठवतो. बिचारे तासभर हिंडतात. ही रोमानियाची, क्लुजची पोरगी दहा मिनिटांत परत आली. हातात झाकण घातलेली बादली. माझ्या पायाशी ठेवून म्हणाली, "झाकण जपून उघडा, मस्यू आल्दो. मागच्या वेळी अर्धी उडून गेली म्हणे." सगळे खो खो हसले. मी मात्र मनात म्हटलं, ही पोरगी डोळस आहे. आणि दमाँज साहेबांनी तिला दोन आठवडे कुठं बसवलं? रेजीनच्या केबिनमध्ये, घडीच्या खुर्चीवर, तिच्या डाव्या हाताला.

त्यात आमच्याकडे नवलाच्या अहवालाची पद्धत. नव्या माणसाची नजर ताजी असते, महिन्या-दोन महिन्यांत तीही आमच्यासारखी निबर होते. म्हणून जे जे पाहून नवल वाटलं ते त्यानं लिहायचं आणि शेवटच्या शुक्रवारी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर वाचायचं. दमाँज साहेबांना ह्या पद्धतीचा भारी अभिमान. एकानं लिहिलं होतं की आग विझवायचं नळकांडं कपाटामागे आहे. दुसऱ्यानं लिहिलं की फाटकावरचं घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. एका पोर्तुगीज पोरानं अगदी निरागसपणे लिहिलं की जेरार रोज दोन ते दोन-वीस संडासात झोपतो. जेरार तेव्हापासून वाळूच्या गिरणीवर धूळ खातो आहे.

ते दोन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. वर काचेमागे दोन चेहरे, त्यातला एक सारखा वहीत वाकलेला. लॅडलची भीती होतीच, आता वहीची भर पडली. पहिल्या आठवड्यातल्या गुरुवारी रेजीन सायकलींच्या शेडमध्ये मला म्हणाली, "काय लिहिते काही कळत नाही रे. सगळं रोमानियनमध्ये." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तेरा महिने राहिले होते.

दुसऱ्या आठवड्यात पोरगी कँटीनमध्ये ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. तुमच्या खुणा भिंतीवरच्या तक्त्यात का नाहीत, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, जुनी पद्धत आहे. किती जुनी, असं तिनं विचारलं. मी पावाचा तुकडा तोंडात कोंबला. तिनं वही काढून काहीतरी टिपलं आणि माझ्याकडे बघून हसली. "घाबरू नका. तुमच्या दोघांबद्दल चांगलंच लिहिलंय." मी ताट उचललं आणि उठलो.

शेवटच्या शुक्रवारी तिनं अहवाल वाचला. टेबलावर तिच्या आईनं पाठवलेला अक्रोडाचा केक होता, त्यामुळे माणसं खुशीत होती. आधी किरकोळ गोष्टी झाल्या. आम्ही एकमेकांशी रोज सकाळी हस्तांदोलन करतो, अगदी भांडण असलेल्या माणसाशीही, याचं तिला नवल वाटलं. मग तिनं पान उलटलं. मी रेजीनकडे पाहिलं. ती कँटीनच्या दाराशी उभी होती, पळून जायच्या बेतात असल्यासारखी.

"सगळ्यात मोठं नवल मला मादाम रेजीनच्या केबिनमध्ये दिसलं," इलिंका वाचत होती. "लॅडल उतरवताना त्या डावा डोळा मिटतात. दोन डोळ्यांनी मन द्विधा होतं, एकानं ते एका जागी राहतं. अंतर त्या खालच्या माणसाच्या बोटांवरून घेतात. हे कुठल्याही पुस्तकात नाही. मी रिकाम्या हुकावर सराव केला आणि मलाही ते जमू लागलं आहे. ही पद्धत सगळ्या क्रेनवाल्यांना शिकवावी असं मी सुचवते."

टाळ्या पडल्या. माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू. रेजीन वाचली, मी वाचलो, वर कौतुकही झालं. मी टाळ्या वाजवल्या. रेजीनचे हात मात्र खालीच होते आणि चेहरा पांढरा पडला होता.

दमाँज साहेब तर फुलून गेले. नव्या शेडसाठी तीन क्रेनवाले घ्यायचे आहेत, त्यांना हेच शिकवू, तक्ता छापून घेऊ, असं म्हणाले. आणि आत्ताच सगळ्यांना दाखवा. लॅडल रिकामीच आहे, पोरगी चालवील, मादाम रेजीन शेजारी बसतील. रेजीननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण कँटीन उठून निघालीसुद्धा.

मी माझ्या जागी उभा राहिलो. मागे साच्यांच्या लोखंडी पेट्या, पुढे मोकळी जागा, आणि पिवळ्या रेघेपलीकडे पन्नास माणसं. रिकामी लॅडलही सहाशे किलोची असते. वर काचेमागे पोरगी खुर्चीत बसलेली दिसली. दोन धडधाकट डोळ्यांची पोरगी, आणि तिनं त्यातला एक घट्ट मिटून घेतला होता. ते पाहिल्यावर मला खरी भीती काय असते ते कळलं. आमचं आजारपण ती कला म्हणून शिकली होती, आणि मी नुकत्याच त्याला टाळ्या वाजवल्या होत्या.

लॅडल निघाली. मी तीन बोटं दाखवली. दोन. एक. मूठ. पोरगी हुशार, मूठ बघताच तिनं दांडा सोडला. पण लॅडल साखळीवर असते, थांबवली तरी झोका घेते. रेजीन माझी मूठ वळायच्या आधीच हात आवरायची; एकोणीस वर्षांत तिला माझं मनगट पाठ झालं होतं. पोरीला कुणी हे सांगितलंच नव्हतं, कारण आम्हालाच ते ठाऊक नव्हतं. लॅडल झोक्यानं पुढे आली. मला मागे सरायला जागा नव्हती. तिची कड माझ्या चामडी एप्रनला लागली, छातीवर टेकली, आणि पाठीला पेटी लागली. श्वास घेता येईना. मी ओरडलोही नाही, आवाजच फुटला नाही. तेवढ्यात वर रेजीननं पोरीच्या हातावर हात दाबून दांडा उलट ओढला, आणि लॅडल माझ्यापासून सुटली.

लांबून कुणाला काही कळलं नाही. दोघं-चौघं तर वाहवा म्हणाले. दमाँज साहेब म्हणाले, अगदी बोटभर अंतर!

मग रेजीन शिडी उतरू लागली. पाळी सुटायच्या आधी, सगळ्यांदेखत. एकेक पायरी पायानं चाचपत ती बेचाळीस पायऱ्या उतरली, आणि तिला इतक्या सावकाश उतरताना बघून माणसांनी आपोआप वाट करून दिली. ती दमाँज साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"ही पद्धत नाही, साहेब," ती म्हणाली. "माझा डावा डोळा गेलाय. पोरीनं माझं आंधळेपण उचललं. तिला बोल लावू नका, आणि कुणाला हे शिकवू नका."

इलिंका मागोमाग उतरली होती. ती वही छातीशी धरून रडत होती. दमाँज साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. जानेवारीपासून, असं रेजीननं सांगितलं. त्यांनी मोजलं असावं, इतक्या महिन्यांत किती खेपा झाल्या असतील. मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आणखी कुणाला माहीत होतं?"

माझी छाती अजून दुखत होती. तरी लॅडल छातीवर होती तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती मला आता वाटली. घराचे हप्ते आठवले, नादेज आठवली, फाटक आठवलं. इलिंकानं वर पाहिलं. तिचे ओले डोळे माझ्या हातावर थांबले, माझ्या बोटांवर. तिला सगळं कळलं होतं. तिनं नजर वळवली आणि वही आणखी घट्ट धरली.

"कुणालाच नाही," रेजीन म्हणाली.

दमाँज साहेब माझ्याकडे वळले. "आल्दो, तू रोज तिच्या खाली असतोस. तुला?"

रेजीन माझ्याकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती, मला सोपं जावं म्हणून.

मी मान हलवली. नाही म्हणून.