जाळ्यांच्या खोलीला कुलूप

तेलगावच्या पुढं, धरणाच्या पाण्याला लागून भोयांची एक वस्ती आहे. तिथं मच्छीमार सोसायटीसाठी फार वर्षांपूर्वी बर्फ ठेवायला एक खोली बांधली होती. बर्फ कधी आलाच नाही. खोली रिकामी पडली. माझ्या थोरल्या चुलतीनं, आक्कानं, तिथं आधी दोन जुनी जाळी टांगली. मग गळ आणले, पोहणाऱ्याच्या कमरेला बांधायचे वाळके भोपळे आणले, जाळं विणायच्या बांबूच्या सुया आणल्या. माझ्या आजोबांची लोखंडी काहील, गूळ कढवतात तसली मोठी कढई, मात्र दारातून आत जाईना. ती बाहेरच पालथी पडून असायची आणि तिच्याखाली आक्काच्या कोंबड्या डालल्या जायच्या. दारावर आक्कानं कुणाकडून तरी रंगानं लिहून घेतलं होतं, 'मासेमारीचं जुनं सामान. आत या, बघा.'

"आक्का, शहरात याला संग्रहालय म्हणतात," मी एकदा म्हणाले.

"म्हनू दे. मी वस्तू फेकल्या न्हाईत, येवडंच केलंय."

मी तिथून सात-आठ किलोमीटरवरच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. चार वर्षं झाली होती, पण मी त्या वस्तीतली आहे हे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. लग्नानंतरच्या आडनावावरून कळायचं नाही. मी खोटं बोलले नव्हते. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लहानपणी वर्गात माझ्या शेजारची मुलगी नाकाला ओढणी लावून बसायची. मी शाळेत निघताना लिंबाचा पाला हातावर चोळायची, दप्तरावरही चोळायची. तेव्हापासूनच न सांगायची सवय लागली असावी.

चौथीच्या वर्गाला व्यवसायांचा धडा शिकवत होते. तक्त्यावर सुतार होता, कुंभार होता, शिंपी होता. वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, मुलं आजी-आजोबांकडं राहिलेली. त्यातली एक मुलगी उभी राहिली. चुणचुणीत, पण फार बोलायची नाही.

"मॅडम, आमच्या घरच्यांचं चित्र ह्यात न्हाई."

मी तक्त्याकडं पाहिलं. माझ्या घरच्यांचंही नव्हतं. त्या दुपारी मी मुख्याध्यापकांना सांगितलं, या वर्षी चौथीची सहल आक्काच्या खोलीवर न्यायची. आक्का माझी कोण, हे तेव्हाही बोलले नाही.

शाळा समितीचे अध्यक्ष गावातले मोठे बागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांचा नातूही माझ्याच वर्गात होता. बातमी कळताच ते ऑफिसात येऊन बसले.

"मॅडम, सहल काढायची तर नारायणगडाला काढा. दर्शन हुईल, पोरं परसाद खातील. ह्ये मासे-बिसे काय काढलंय?"

"गडावर मुलं दर जत्रेला जातात, आबा. हे त्यांनी पाहिलेलं नाही."

"पाह्यचं काय हाय त्यात? वास घ्यायचाय का?"

ते हसले. मुख्याध्यापक थोडंसं हसले. मी हसले नाही.

आबा गेल्यावर मुख्याध्यापकांनी विचारलं, "कावून येवडा हट्ट, मॅडम?"

"धड्यात आहे, सर," एवढंच म्हणाले. पालकांच्या संमतीचे कागद मागवले. सगळे आले. आबांच्या नातवाच्या कागदावर त्याच्या आईची सही होती, ठसठशीत, दोनदा गिरवलेली. कागद पुरे झाल्यावर मुख्याध्यापकांनी परवानगी दिली.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी दोन टमटममध्ये मुलं कोंबून आम्ही निघालो. वस्तीवर पोचलो तर खोलीच्या दाराला कुलूप. नवंकोरं, पिवळं. आक्का पायरीवर बसली होती.

"काल सांजच्याला लावलं," ती म्हणाली. "पंचायतीचा मानूस आलता. म्हनला, खोली सरकारी हाय, तुमचं भंगार हिथं ठिवायचं न्हाई. मी म्हनलं, भंगार तर काडू दे. तर म्हनला, नंतर बगू."

कुणी सांगितलं म्हणून लावलं, हे मी विचारलं नाही. मनात एक नाव आलं होतं, पण त्याला पुरावा नव्हता. आजही नाही.

पंचायतीच्या त्या माणसाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तर बंद. तेवढ्यात मुख्याध्यापकांचाच फोन आला. त्यांना कुलपाचं आधीच कळलं होतं.

"या परत, मॅडम. नंतर कधी तरी जाऊ."

"मुलं उतरलीत, सर."

"मग बसवा परत."

"नाही बसवत," मी म्हणाले आणि फोन ठेवला. नोकरीत वरिष्ठांचा फोन मी आधी ठेवायची ती पहिलीच वेळ.  वीस-पंचवीस मुलं माझ्याकडं बघत होती.

आक्का उठली. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, उठताना ती भिंतीला धरते. त्या दिवशी ती त्या कुलपालाच धरून उठली. मग वस्तीकडं तोंड करून ओरडली, "बायांनो! घरात जे जुनं हाय ते घिऊन भायेर या गं! पोरं आलीत!"

आधी कुणीच आलं नाही. मग एक सून दारात डोकावली आणि आत गेली. ती परत आली ती हातात शिंगी मासे धरायची बांबूची टोपली घेऊन. तिच्या मागून दुसरी आली, खांद्यावर जाळं. एका म्हातारीनं पिशवी उपडी केली, तर त्यात शिशाचे मणी होते, जाळ्याच्या काठाला ओवायचे, एकेक मणी हातानं ठोकलेला. कुणी वल्हं आणलं, कुणी दिवंगत सासऱ्याचा पोहायचा भोपळा आणला. त्याच्यावर त्या माणसानं चाकूनं स्वतःचं नाव कोरलं होतं आणि त्यातलं एक अक्षर उलटं होतं. कुलपाच्या आत जेवढं अडकलं होतं, त्याहून जास्त सामान अर्ध्या तासात लिंबाखाली पसरलं.

आणि मुख्य म्हणजे हात लावायला मनाई नव्हती. मुलांनी मणी दातानं चावून पाहिले. एकानं जाळं अंगावर घेतलं आणि त्यात असा गुरफटला की दोन बायांनी त्याला हसत हसत सोडवलं.

ती ऊसतोडीवाल्यांची मुलगी आक्काच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली होती. म्हणाली, "आजी, माझ्या आईचा कोयता असा ठिवता यील का?"

"ठिवायचा की. कुणी इचारलं कावून ठिवला, तर म्हनायचं, माझ्या आईनं ह्येच्यावर घर चालवलं."

आम्ही कोंबड्या हाकलून काहील उताणी केली. आत सात-आठ मुलं मांडी घालून बसली. आक्का काठाला टेकून सांगायला लागली. धरण व्हायच्या आधी पावसाळ्यात नदी फुगली की पलीकडं जायला दुसरं काही नसायचं. मग माझे आजोबा काहील पाण्यात सोडायचे आणि पोहत पोहत ती ढकलत न्यायचे.

आबांचा नातू आतच बसला होता. त्यानं विचारलं, "कुणाला न्यायचे?"

"सगळ्यांला. नवऱ्या न्यायचे, बाळंतिणी न्यायचे. तुज्या गावची लोकं किती तरी नेली."

"मग ते काय द्यायचे?"

"सुगीला जवारी द्यायचे पायलीभर. आन् तहान लागली म्हनलं की पानी द्यायचे. वरून."

"वरून म्हणजे?"

आक्कानं आपली दोन्ही हातांची ओंजळ तोंडाखाली धरून दाखवली. "असं. भांडं आमच्या हाताला लागू द्यायचे न्हाईत. काहिलीत मांडीला मांडी लावून बसायचे बरं का. काठाला उतरले की, लांब सर."

 नातवानं विचारलं, "कावून?"

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. उत्तर मी द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. मग तीच म्हणाली, "ते तू घरी इचार, बाळा."

जेवणाआधी वस्तीतल्या एका आजोबांनी जाळं फेकून दाखवलं. हवेत ते गोल उघडलं तेव्हा मुलांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. चार-पाच चिलापी आल्या. मुलांनी त्या हातात धरल्या आणि किंचाळत सोडून दिल्या. परतताना टमटमभर वास होता. एकाही मुलानं नाक धरलं नव्हतं.

सोमवारी प्रार्थना संपायच्या आत आबा हजर. ऑफिसात मुख्याध्यापक, मी आणि ते. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत.

"आमच्या घरात अंडं येत न्हाई, आन् तुमी पोराच्या हातात मासा दिला. कुणाला इचारून?"

"संमतीचा कागद आहे, आबा. सही तुमच्या सूनबाईंची आहे."

त्यांचा चेहरा बदलला. मुद्दा मात्र मासा नव्हता, हे पुढच्याच वाक्यात कळलं. "काल जेवायला पाव्हणे बसलेले. भरल्या ताटावर पोरगं मला इचारतंय, आबा, आपन भोयाला पानी वरून कावून वतायचो? काय सांगायचं मी? ह्ये शिकवायला नेलतं का? चूक झाली म्हनून लिहून द्या. आत्ता."

मुख्याध्यापकांनी कोरा कागद माझ्याकडं सरकवला. सरकवताना ते हळूच म्हणाले, "देऊन टाका मॅडम, विषय मिटंल."

मी पेन काढलं. त्या क्षणापर्यंत मला खरंच माहीत नव्हतं मी काय लिहिणार.

"आबा," मी म्हणाले, "ती काहील माझ्या आजोबांची आहे. ती म्हातारी माझी चुलती. मी त्याच वस्तीत वाढले."

आबांनी मुख्याध्यापकांकडं पाहिलं.

"आमाला कुणी सांगितलं न्हाई," आबा म्हणाले.

"मी सांगितलं नाही. चार वर्षं लपवलं. ती चूक झाली माझी. तेवढी लिहून देते."

आणि मी लिहिलं. 'मी भोयाची मुलगी आहे. माझे वडील आणि आजोबा मासे धरायचे. हे मी चार वर्षं या शाळेत सांगितलं नाही, ही माझी चूक आहे. पुन्हा होणार नाही.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद आबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला. परत वाचला. मग टेबलावर ठेवून निघून गेले.

"याचं काय करायचं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"फाईलला लावा, सर. आवक नंबर टाका."

त्यांनी टाकला.

मग वर्गात गेले. आबांच्या नातवाला घरी उत्तर मिळालं नव्हतं. त्यानं मलाच विचारलं, सगळ्यांसमोर. मी खडू खाली ठेवला आणि सांगितलं, पाणी वरून का ओतायचे, कुणाला ओतायचे, आणि मला कुणी ओतलं होतं ते. मुलांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांना सगळं बरोबर कळलं. मधल्या सुट्टीत कुणाच्या बाटलीतून कोण पाणी पितंय, याकडं मी मुद्दाम पाहिलं नाही.

गोष्टी सुधारल्या असं मी म्हणणार नाही. गावातल्या दोन घरांनी मला हळदी-कुंकवाला बोलवायचं बंद केलं. आबा समोर आले तर मान वळवायचे. खोलीचं कुलूप कधीच निघालं नाही. आम्ही तीन अर्ज दिले, दोनदा खेटे घातले. आतली जाळी उंदरांनी खाल्ली असतील. आक्कानं पुन्हा अर्ज करायला नकार दिला. "त्येंची खोली त्येंना लखलाभ," म्हणाली.

पुढं माझी बदली युसूफ वडगावकडं झाली. तिथं पहिल्याच दिवशी स्टाफला ओळख करून देताना मी आधी माहेर सांगितलं, मग शिक्षण. गेल्या हिवाळ्यात तिथली दोन वर्गांची मुलं एसटी करून वस्तीवर नेली. एवढ्या लांबून मुलं येतायत म्हणून बायांनी सकाळपासून अंगणं झाडून ठेवली होती. प्रत्येक दारात काही ना काही मांडलेलं होतं.

मुलं उतरली आणि इकडंतिकडं बघायला लागली. एक जण आक्कालाच विचारायला गेला, "आजी, संग्रहालय कुठंय?"

आक्का भिंतीला धरून उठली. "ह्ये काय, समदी वस्ती हाय," ती म्हणाली. "ह्या घरापासनं सुरू करायचं का त्या?"